प्रार्थना नेमकी कोणासाठी?

प्रश्न : काही वर्षांपूर्वी आमच्या प्रार्थनागटाने नॉर्वेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबासाठी साखळी उपास धरला होता. सरकारने त्यांची पाचही मुलं नेली होती. पुढे मुलं परत आल्याचं कळलं, तेव्हा आम्ही आभाराची प्रार्थनाही केली. परवा हा विषय निघाला तेव्हा माझी कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, ‘आई, ते मुलांना मारायचे म्हणे. मग तुम्ही प्रार्थना कोणासाठी केलीत, मारणाऱ्यांसाठी की मार खाणाऱ्यांसाठी?’ मला उत्तर सुचलं नाही. तिथे खरं काय घडलं होतं? आणि अशा प्रार्थनांनी काही होतं का?
— एक वाचक, वसई

उत्तर : ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांपेक्षा लेकीचा प्रश्न अवघड आहे. त्याकडे येतोच, पण आधी घडलं काय ते पाहू.

पश्चिम नॉर्वेत नाउस्टडाल नावाचं लहानसं गाव आहे. तिथे राहणारं हे कुटुंब. वडील रुमानियाचे, आई नॉर्वेचीच, दोघंही पेंटेकोस्टल पंथाचे. १६ नोव्हेंबर २०१५ ला, सोमवारी, नॉर्वेच्या बालसंरक्षण यंत्रणेने त्यांच्या थोरल्या दोन मुलींना परस्पर शाळेतून ताब्यात घेतलं. मग घरी येऊन दोघा मुलग्यांना नेलं. राहिलं होतं तीन महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ, तेही दुसऱ्या दिवशी नेलं. पाच भावंडांची तीन घरांत वाटणी झाली. कुटुंबाचं नाव तेव्हा जगभर छापून आलं होतं. इथे मी ते मुद्दाम घेत नाही. ती मुलं आता मोठी होत आहेत आणि आपल्या लहानपणाची चर्चा कुठे व्हावी हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे.

या यंत्रणेला तिकडे बार्नेवेर्ने म्हणतात. ती नगरपालिकेच्या पातळीवर चालते. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, कोणीही तिला ‘या मुलाची काळजी वाटते’ असं कळवू शकतं; शिक्षक-डॉक्टरांवर तर तसं बंधनच आहे. सूचना आली की आठवडाभरात ती चाळायची आणि दम असेल तर साधारण तीन महिन्यांत चौकशी पुरी करायची, असा नियम. यातली बहुतेक प्रकरणं सल्ला आणि घरच्या घरी मदत एवढ्यावर मिटतात, हेही सांगायला हवं, कारण आपल्यापर्यंत फक्त मुलं नेल्याच्या बातम्या येतात. नाउस्टडालमध्ये सूचना गेली शाळेतून. मुलींच्या बोलण्यावरून घरी मार मिळतो असं शाळेला वाटलं होतं. आईवडिलांच्या बाजूने बाहेर आलेल्या माहितीनुसार, घरातल्या कडक धार्मिक वातावरणाचा उल्लेखही त्या सूचनेत होता. जगभरच्या मंडळ्यांनी नेमका तेवढाच धागा उचलला : ‘विश्वासामुळे छळ’. आईवडिलांनी मात्र अधूनमधून फटका दिल्याचं नाकारलं नव्हतं.

आपल्याकडे दोन धपाटे म्हणजे संगोपनाचाच भाग. नॉर्वेत तो गुन्हा आहे. स्वीडनने १९७९ मध्ये मुलांना मारण्यावर बंदी घातली, नॉर्वेने १९८७ मध्ये. मध्यंतरी, २००५ साली, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे हलक्या चापटीला थोडी वाट मिळाली होती. २०१० मध्ये कायदा दुरुस्त करून तीही बुजवली. म्हणजे तुमची लेक चूक नाही. पण हलक्या माराबद्दल तान्ह्या बाळासकट पाचही मुलं एका झटक्यात उचलणं हा उपाय आजारापेक्षा जड होता, असं म्हणणाऱ्यांत खुद्द नॉर्वेचेच लोक होते. त्याच वर्षी, या घटनेच्या काही महिने आधी, तिथल्या शंभराहून अधिक वकील, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्त्यांनी मंत्र्यांना जाहीर पत्र लिहून ही यंत्रणा बिघडल्याचं कळवलं होतं.

मग जे झालं त्यात तुमचाही वाटा आहे. रुमानियातल्या पेंटेकोस्टल मंडळ्यांनी उपास-प्रार्थना सुरू केल्या. परदेशांत पसरलेल्या रुमानियन मंडळ्यांतून हाक पुढे गेली. बुखारेस्टपासून अमेरिकेपर्यंत नॉर्वेच्या दूतावासांसमोर लोक मुलाबाळांसह जमले आणि भजनं म्हणत शांतपणे उभे राहिले. १६ एप्रिल २०१६ ला एकाच दिवशी अनेक देशांत अशी निदर्शनं झाली. त्याच महिन्यात बाळ घरी आलं. जूनमध्ये उरलेली चार मुलं परत मिळाली. पुढे कुटुंब रुमानियाला निघून गेलं. आणि या सगळ्या काळात बार्नेवेर्नेने आपली बाजू जवळजवळ मांडलीच नाही. मांडता येतच नव्हती. मुलांची माहिती बाहेर फोडायला तिला कायद्याने बंदी आहे. लाखो लोक प्रार्थना करत होते ते अर्धी हकिकत ऐकून, आणि दुसरी अर्धी ऐकण्याची कोणाला सोयच नव्हती. लेकीच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. प्रार्थनेने काही होतं का?

याचं मोजमाप करण्याचा सर्वांत मोठा नावाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला, तो हृदयाच्या रुग्णांवर. बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले. दोन गटांना सांगितलं, ‘तुमच्यासाठी कदाचित प्रार्थना होईल, कदाचित नाही’, आणि त्यातल्या एकासाठीच ती केली. तिसऱ्या गटाला खात्रीने सांगितलं की होणार आहे, आणि केलीही. निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. पहिल्या दोन गटांत फरक पडला नाही : गुंतागुंत एकात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. गंमत तिसऱ्या गटाची. ज्यांना खात्रीने ठाऊक होतं की आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे, त्यांच्यातच गुंतागुंत जास्त, ५९ टक्के. ‘माझ्यासाठी देवाला बोलवावं लागलं, म्हणजे माझं काही खरं नाही’ अशी धास्ती त्यांनी घेतली असावी, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. या प्रयोगाचा पैसा धर्माबद्दल आस्था असणाऱ्या टेम्पलटन फाउंडेशनने दिला होता, तेव्हा नास्तिकांचा कट म्हणून तो झटकता येत नाही. पण यावरून देव आहे की नाही हे ठरत नाही. अनोळखी माणसाने यादीतलं नाव वाचून केलेल्या प्रार्थनेचा टाक्यांवर परिणाम दिसला नाही, एवढंच ठरतं.

मुलं गेलेल्या घरात प्रश्न टाक्यांचा नसतो. अशा आईवडिलांवर सर्वांत आधी येतो तो एकटेपणा. सरकारने मुलं नेली म्हणजे घरात काहीतरी असणारच, असं शेजारीपाजारी धरून चालतात. नातेवाईक जपून बोलायला लागतात. रिकाम्या खोलीत नवराबायको एकमेकांना दोष देतात; अशा प्रकरणांत लग्नं मोडतात ती इथे. त्या वेळी चार माणसं येऊन शेजारी बसली, नाव घेऊन प्रार्थना केली, तर आईवडील तारखेला ताठ उभे राहू शकतात. नाउस्टडालच्या दांपत्यामागे मंडळी होती, मंडळीमागे मतदार होते, मतदारांमागे रुमानियाचे खासदार धावले. दूतावासासमोर उभे राहिलेले लोक प्रार्थनासभांतूनच आले होते. ही साखळी देवाने जोडली असं तुम्ही म्हणाल तर मी वाद घालणार नाही. साखळी होती, हे मात्र कोणालाही दिसतं.

ज्यांच्यामागे अशी मंडळी नव्हती त्यांचं काय झालं, तेही ऐका. नॉर्वेतलीच एक तरुण, एकटी आई. २००८ मध्ये तिला मुलगा झाला. काही आठवड्यांतच तो पालक-कुटुंबात गेला आणि पुढे दत्तकही दिला गेला. तिच्यासाठी कोणी रस्त्यावर भजनं म्हटली नाहीत. ती वकिलाला घेऊन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. ‘स्ट्रँड लोबेन विरुद्ध नॉर्वे’ या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात १० सप्टेंबर २०१९ ला न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला : नॉर्वेने कौटुंबिक जीवनाचा हक्क मोडला. मुलगा तोवर जवळपास अकरा वर्षांचा झाला होता आणि दुसऱ्याच आईवडिलांना आईबाबा म्हणत होता. निकाल तिच्या बाजूने लागला, मुलगा परत आला नाही. पण त्या निकालाने आणि मागोमाग आलेल्या अशाच निकालांनी नॉर्वेला बदलावं लागलं. २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना बजावलं की मूल काढून घेणं हा तात्पुरता उपाय धरायचा, घरी परत पाठवणं हेच ध्येय ठेवायचं. नवा बालसंरक्षण कायदा २०२३ पासून लागू आहे. माझ्या मते नाउस्टडालच्या मोर्चांनी पाच मुलं परत आणली, आणि या एकाकी बाईच्या खटल्याने पुढच्या कित्येक मुलांचा रस्ता रुंद केला. साखळी उपास तिच्या वाट्याला यायला हवा होता.

दुसरी बाई सोमालियाची, धर्माने मुस्लिम. अल्पवयातच आई झालेली, तान्ह्या मुलाला घेऊन २०१० मध्ये आश्रयासाठी नॉर्वेत आली. त्याच वर्षी मूल काढून घेतलं गेलं. तिने विनवलं की माझ्या नात्यात द्या, नाहीतर एखाद्या सोमाली किंवा मुस्लिम घरात द्या. दिलं कोणाला? एका श्रद्धाळू ख्रिस्ती दांपत्याला. ते चर्चला जाणारे, मूलही त्यांच्यासोबत चर्चला जाऊ लागलं आणि पुढे त्यांनाच दत्तक दिलं गेलं. २०२१ च्या डिसेंबरात स्ट्रासबर्गच्या मोठ्या पीठाने एकमताने सांगितलं की आईचा हक्क डावलला गेला; तिच्या धर्माचा, भाषेचा, मुळांचा पुरेसा विचारच झाला नाही. वसईच्या प्रार्थनागटाला मी हे मुद्दाम सांगतोय. इथे मूल नेणाऱ्या घरात प्रार्थना चालू होती, अगदी मनापासून. ते पालक दुष्ट नव्हते. त्यांनी त्या पोराला जीव लावला होता. आणि तरीही एक आई दुसऱ्या देवाला हेच साकडं घालत होती की माझं मूल माझं राहू दे.

तुमच्या वाचनातला शलमोनाचा न्याय आठवा. दोन बायका, एक बाळ, आणि मूल जगावं म्हणून आपला हक्क सोडणारी खरी आई. या सोमाली बाईने शेवटच्या टप्प्यावर जवळजवळ तेच केलं. इतकी वर्षं तिकडे वाढलेल्या मुलाला आता उपटून आणणं त्याला झेपणार नाही हे तिने ओळखलं, आणि मूल परत मागितलंच नाही. दत्तक रद्द करा, भेटू द्या, आपण कुठून आलो हे त्याला कळू द्या, एवढंच मागितलं. स्ट्रासबर्गच्या कागदांत हे कोरड्या कायदेशीर भाषेत लिहिलेलं आहे. मला तो भाग वाचताना थांबावं लागलं.

आता लेकीचा प्रश्न. प्रार्थना कोणासाठी?

धर्माच्या नावाने मुलं वाचवणारे जसे असतात तसे नेणारेही असतात, आणि नॉर्वेइतका याचा लख्ख दाखला क्वचितच मिळेल. तिथे तातेर नावाची भटकी जमात आहे, आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांसारखीच संशयाने पाहिली गेलेली. १८९७ मध्ये याकोब वाल्नुम या पाळकाने त्यांच्या ‘सुधारणे’साठी संस्था काढली. पुढे तिचं नाव ‘बेघरांमधलं मिशन’ असं झालं. सरकारी पैसा, ख्रिस्ती सेवाभाव आणि पक्की खात्री की ही मुलं आईबापांपासून तोडली तरच माणसात येतील. १९८६ पर्यंत हे मिशन चालू होतं. सुमारे १५०० तातेर मुलं घरांतून काढून अनाथाश्रमांत, अनोळखी घरांत पाठवली गेली. त्या अनाथाश्रमांत जेवणाआधी आणि झोपण्याआधी प्रार्थना होत असणारच. नॉर्वे सरकारने १९९८ मध्ये माफी मागितली, चर्चनेही मागितली, आणि चौकशी आयोगाचा जाडजूड अहवाल आला २०१५ च्या जूनमध्ये. पाचच महिन्यांनी नाउस्टडालच्या शाळेसमोर गाडी येऊन थांबली.

तेव्हा ‘ख्रिस्ती कुटुंब विरुद्ध सरकार’ अशी मांडणी करून प्रार्थना सुरू झाली की माझे कान टवकारतात. एकदा कोण आपलं आणि कोण परकं हे ठरलं की मुलाला विचारायचं राहून जातं. तुमच्या गटाने उपास धरला यात काही चुकलं असं मला वाटत नाही. तान्ह्या बाळासाठी उपाशी राहणाऱ्या बायकांना मी काय शिकवणार? पण पुढच्या वेळी असा निरोप आला तर देवाकडे निकाल मागू नका, असं सुचवेन. ‘मुलं आईबापांना परत मिळोत’ हा निकाल झाला, आणि तोही अर्ध्या हकिकतीवर. समजा, एखाद्या घरात मूल खरोखरच रोज मार खात असेल, तर तुमची ही प्रार्थना त्याच्या विरुद्ध जाते. मी असा गट चालवत असतो तर साधारण असं म्हटलं असतं : प्रभू, त्या घरात काय झालं ते तुला ठाऊक आहे, आम्हाला नाही. मुलं आज रात्री जिथे झोपली आहेत तिथे त्यांना कोणी घाबरवू नये. त्यांची भाषा, त्यांचं नाव, त्यांची भावंडं त्यांच्यापासून तुटू नयेत. आईबापांनी हात उगारला असेल तर तो खाली येऊ दे. उगारला नसेल तर ते लवकर कळू दे. ज्या बाईने सही करून मुलं नेली तिला घाई न करण्याचं बळ दे. आणि तारखा लांबू देऊ नकोस.

शेवटचं वाक्य ओबडधोबड वाटेल, पण अशा प्रकरणांत वेळ हाच खरा वैरी आहे. तान्ह्या मुलाच्या आयुष्यातलं एक वर्ष म्हणजे त्याचं अख्खं आयुष्य. ते ज्यांच्याकडे असेल त्यांचं होऊन जातं, आणि मग न्यायालय म्हणतं की आता हलवणं मुलाच्या हिताचं नाही. लेकीला एवढं सांगा : प्रार्थना मुलांसाठी करायची होती, आणि मुलांची गरज काय आहे हे ठरवायची घाई त्या वेळी सगळ्यांनीच केली, सरकारने आणि भक्तांनीही.


प्रश्न : ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ पाहिला. मुलांना हाताने भरवलं आणि शेजारी झोपवलं म्हणून खरंच कोणी मुलं काढून नेतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : २०२३ चा हा चित्रपट स्टाव्हांगर शहरातल्या एका बंगाली कुटुंबाच्या हकिकतीवर बेतलेला आहे. २०११ च्या मे महिन्यात त्यांचा लहान मुलगा आणि अवघ्या काही महिन्यांची मुलगी काढून नेली गेली. हाताने भरवणं आणि एका अंथरुणात झोपवणं ही कारणं कुटुंबाने सांगितली आणि भारतीय वर्तमानपत्रांनी मोठ्या अक्षरांत छापली. चित्रपट आला तेव्हा नॉर्वेच्या भारतातल्या राजदूतांनी लेख लिहून स्पष्ट सांगितलं की अशा सांस्कृतिक फरकांवरून मुलं कधीच नेली जात नाहीत. खरी कारणं काय होती, ते सांगायला तीच गोपनीयता आडवी येते. पुन्हा अर्धीच हकिकत.

चित्रपटापेक्षा मला उत्तरार्ध जास्त बोलका वाटतो. दिल्लीत आजी-आजोबांनी नॉर्वेच्या दूतावासासमोर धरणं धरलं, परराष्ट्र मंत्रालय हललं आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये मुलं काकाच्या ताब्यात देऊन भारतात आणली गेली. पण आईच्या हाती ती आली नाहीत. नवराबायकोंचं फाटलं होतं. तिला पुन्हा लढावं लागलं, या वेळी बंगालमध्ये, सासरच्यांशी. बर्दवानच्या बाल कल्याण समितीने तिच्या बाजूने मत दिलं, आणि २०१३ च्या जानेवारीत कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलं तिच्याकडे आली. परक्या देशाचं सरकार खलनायक असलं की गोष्ट सोपी होते. आपल्याच घरातली माणसं मुलं अडवून बसली की मेणबत्त्या घेऊन कोणी जमत नाही.

असंच एक प्रकरण बर्लिनचं. २०२१ च्या सप्टेंबरात गुजराती जैन दांपत्याची सात महिन्यांची मुलगी तिथल्या युवक कार्यालयाने ताब्यात घेतली. कारण होतं बाळाला झालेली दुखापत. पालकांवरची फौजदारी चौकशी २०२२ मध्ये आरोप न ठेवताच बंद झाली. तरीही २०२३ च्या जूनमध्ये कुटुंब न्यायालयाने मुलीचा ताबा कार्यालयाकडेच ठेवला. त्याच महिन्यात १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूतांना पत्र लिहिलं. आपल्या संसदेत इतके पक्ष दुसऱ्या कशावर एकत्र येतात ते आठवून पाहा. जैन समाजात तिच्यासाठी जाप झाले, सभा झाल्या. भारत सरकारने लावून धरलेली मागणी मात्र नेमकी होती : तिच्या भाषेत, तिच्या धर्माच्या आणि संस्कृतीच्या वातावरणात ती वाढली पाहिजे. ही काही मेहेरबानी मागणं नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं विसावं कलम हेच सांगतं की घराबाहेर ठेवलेल्या मुलाचा वंश, धर्म, संस्कृती आणि भाषा यांचा धागा तुटू नये याकडे लक्ष द्यावं. जर्मनीनेही त्या करारावर सही केलेली आहे.


प्रश्न : आमच्या चाळीतल्या एका बाईची दोन मुलं बालगृहात ठेवली आहेत. धाकटा कल्याण स्टेशनवर सापडला, मग चौकशीत घरचं दारूचं प्रकरण निघालं. महिला मंडळात तिच्यासाठी हनुमान चालिसाचं पठण ठेवायचं ठरलंय. मुलांचे फोटो आणि नावं घालून संदेशही तयार आहे. आणखी काय करता येईल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी तो संदेश थांबवा. पठण खुशाल करा, पण फोटो आणि नावं काढा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शाळेचं नावसुद्धा नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गटातून गटात फिरणाऱ्या संदेशावर कोण खटला भरणार, असं वाटेल. पण मुलं परत आल्यावर शाळेत त्यांना ‘बालगृहवाला’ कोण म्हणणार, हे मात्र आत्ताच ठाऊक आहे.

आपल्याकडे हा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते : एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात निदान एक बाई. मूल सापडल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत समितीपुढे आणावं लागतं. याच कायद्यात लिहिलंय की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि कुटुंबात परत पाठवणं हा पहिला हेतू. म्हणजे कायदा त्या आईच्या विरुद्ध नाही. फक्त समितीला खात्री हवी असते की मुलं परत गेली तर सुरक्षित राहतील. त्यासाठी घरी येऊन चौकशी होते आणि तिचा अहवाल समितीपुढे जातो. तुमच्या मंडळाचं काम नेमकं इथे आहे.

बाईबरोबर तारखेला कोणीतरी जा. एकटी गेली की ती रडते किंवा भांडते, आणि दोन्ही तिच्या विरुद्ध लिहिलं जातं. आधार, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, जन्मदाखले एका पिशवीत लावून द्या. समितीसमोर मंडळाने लेखी सांगावं की संध्याकाळी मुलं कोणाच्या घरी बसतील, नवरा पिऊन आला तर कोण दार उघडेल, पोरं शाळेत जातात की नाही हे कोण पाहील. नवऱ्याला व्यसनमुक्तीसाठी कुठे नोंदवलं असेल तर तो कागद सोन्याचा. नवरा मारत असेल तर ते झाकू नका. झाकलेलं चौकशीत निघालं की पुढच्या तारखांना तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. बालगृहात भेटीचा दिवस ठरलेला असतो. तो एकदाही चुकू देऊ नका, आणि आईला गाडीभाडं नसेल तर वर्गणीतून द्या.

मूल संकटात दिसलं की १०९८ फिरवायचा. ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली आणि मग देशभर पसरली. स्टेशनवर सापडलेल्या धाकट्यासाठीही बहुधा कोणीतरी हाच नंबर फिरवला असेल. त्या अनोळखी माणसाचं नावही पठणात घ्यायला हरकत नाही.

आणि पठण शनिवारी ठेवा, तारखेच्या दिवशी नको. त्या दिवशी बायका समितीच्या बाकावर लागतील.